शाळेचे वर्ष

(शाळेत अभ्यासाबरोबर वर्षभर निरनिराळे कार्यक्रम होत असतात. हे कार्यक्रम कोण ठरवते? त्यांच्या तारखा कशा ठरतात? पुणे जिल्ह्यातील देहू या गावाच्या उदाहरणावरून या पाठात ही माहिती दिली आहे.)

जून महिना आला की, उन्हाळाभर बंद असलेल्या वर्गांची दारे उघडली जातात. फरशी धुतली जाते. बाके पुसली जातात. फळ्यांना नवा रंग दिला जातो. अशा वेळी मुख्याध्यापकांच्या टेबलावर एक मोठा कागद पसरलेला असतो. त्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखलेले असतात. कोणत्या महिन्यात कोणता कार्यक्रम घ्यायचा, हे त्या रकान्यांत लिहायचे असते. या कागदाला शाळेचे 'वार्षिक नियोजन' म्हणतात.

काम सोपे दिसते. भिंतीवरचे कॅलेंडर पाहावे आणि तारखा लिहाव्यात, एवढेच ना? पण तारीख ठरवणे म्हणजे त्या दिवशी कोण येऊ शकेल आणि कोण येऊ शकणार नाही, हे ठरवणे होय. म्हणून चांगला मुख्याध्यापक एकट्याने तारखा लिहीत नाही. तो शिक्षकांना विचारतो, पालकांना विचारतो आणि मुलांनाही विचारतो. देहूसारख्या गावात तर त्याला एक नव्हे, तीन कॅलेंडरे समोर ठेवावी लागतात.

देहू हे इंद्रायणी नदीच्या काठचे गाव. पुण्यापासून ते सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे. सतराव्या शतकातील थोर संतकवी तुकाराम महाराज याच गावचे. त्यांच्या अभंगांच्या संग्रहाला 'गाथा' म्हणतात. गाथेत चार हजारांहून अधिक अभंग आहेत. त्यांतील काही रचना त्या काळच्या हिंदुस्थानी बोलीतही आहेत.

देहूच्या आसपासचा परिसर आता फार बदलला आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी येथे आणि नंतर तळवडे, चाकण येथे कारखाने उभे राहिले. कामाच्या शोधात मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून लोक आले. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक येथूनही आले. त्यांची मुले येथल्या शाळांत शिकू लागली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका मराठी माध्यमाबरोबर उर्दू माध्यमाच्या शाळाही चालवते. या भागातील शाळेत एकाच बाकावर बसलेल्या तीन मुलांच्या घरी तीन वेगवेगळ्या बोली बोलल्या जात असतील, तर त्यात नवल नाही.

आता पहिले कॅलेंडर पाहू. हे सरकारी कॅलेंडर. यातील तारखा पक्क्या असतात. जूनच्या मध्यावर शाळा सुरू होते. पहिल्या दिवशी 'प्रवेशोत्सव' असतो. पहिलीत आलेल्या मुलांचे फूल देऊन स्वागत करतात आणि त्यांच्या हाती नवी पुस्तके देतात. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी गावातून निघते. ५ सप्टेंबरला शिक्षक दिन असतो. त्या दिवशी वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गांना शिकवतात. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन. महाराष्ट्रात तो 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळतात. त्या दिवशी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुले आवडीचे पुस्तक वाचतात. ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिन' आहे. १९०० साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सातारा येथील शाळेत प्रवेश घेतला होता.

३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिन. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींसाठी शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या एका पत्रात फातिमा यांचा उल्लेख आहे. २७ फेब्रुवारी हा कवी कुसुमाग्रज यांचा जन्मदिन 'मराठी भाषा गौरव दिन' म्हणून साजरा होतो. २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी झेंडावंदन असते. अनेक शाळांत १ मे रोजी झेंडावंदनानंतर वार्षिक निकाल सांगतात.

दुसरे कॅलेंडर चंद्राचे. देहूचे दोन मोठे उत्सव तिथीप्रमाणे येतात. पहिला पालखीचा. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकाराम महाराजांची पालखी देहूहून पंढरपूरला निघते. हा पालखी सोहळा तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली सुरू केला, असे मानतात. दुसरा उत्सव 'तुकाराम बीज'. तो फाल्गुन वद्य द्वितीयेला असतो. या दोन्ही वेळी देहूत दूरदूरचे भाविक येतात. रस्ते माणसांनी फुलून जातात.

चंद्राचे बारा महिने सुमारे ३५४ दिवसांत पूर्ण होतात. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे वर्ष ३६५ दिवसांचे असते. म्हणजे दर वर्षी सुमारे ११ दिवसांचा फरक पडतो. हे तुम्हांला चांगले ठाऊक आहे, कारण ईदही चंद्रावरून ठरते. भारतात रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. दर वर्षी ती ११ दिवस अलीकडे आली. तुकाराम बीज २०२४ मध्ये २७ मार्चला होती आणि २०२५ मध्ये १६ मार्चला. तीही ११ दिवस अलीकडे आली. दोन्ही सणांची वाट पाहणारी मुले एकाच चंद्राकडे पाहतात.

पण दोन्ही पद्धतींत एक फरक आहे. हिजरी वर्ष असेच मागे सरकत जाते. त्यामुळे ईद कधी उन्हाळ्यात, कधी पावसाळ्यात, तर कधी थंडीत येते. मराठी पंचांगात साधारणपणे अडीच ते तीन वर्षांनी एक महिना जास्त धरतात. त्याला 'अधिक महिना' म्हणतात. त्यामुळे सण पुन्हा आपल्या ऋतूत येतो. २०२३ मध्ये श्रावण महिना अधिक होता. म्हणून २०२३ साली १० जूनला निघालेली पालखी २०२४ साली २८ जूनला निघाली. ती मागे न येता १८ दिवस पुढे गेली. पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, ती पुन्हा अलीकडे येऊन १८ जूनला निघाली.

याचा शाळेवर काय परिणाम होतो ते पाहा. २०२३ मध्ये पालखी निघाली, तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी संपलेली नव्हती. २०२४ मध्ये शाळा सुरू होऊन जवळजवळ दोन आठवडे झाले होते. २०२५ मध्ये शाळा १६ जूनला उघडल्या आणि तिसऱ्याच दिवशी पालखीचे प्रस्थान आले. ज्या वर्षी पालखी जूनअखेर निघते, त्या वर्षी मुलांना बालदिंडीची तयारी करायला वेळ मिळतो. ज्या वर्षी ती शाळा उघडताच निघते, त्या वर्षी प्रवेशोत्सव आणि पालखी यांची तयारी एकदमच करावी लागते. म्हणून मागच्या वर्षीचा कागद तसाच उतरवून चालत नाही. तो दर वर्षी नव्याने लिहावा लागतो.

पालखीच्या दिवसांत शाळाही गावाच्या कामाला लागते. पालखीच्या वाटेवरील अनेक शाळांच्या इमारतींत वारकऱ्यांच्या मुक्कामाची सोय करतात. मुले पाणी देतात, वाट दाखवतात. वारकरी पुढे गेल्यावर मैदान आणि वर्ग पुन्हा स्वच्छ करायचे असतात. हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्याचे कोणी फोटो काढत नाही.

पालखीचा पहिला मुक्काम देहूतच, इनामदार वाड्यात असतो. दुसऱ्या दिवशी ती आकुर्डीकडे निघते. तेव्हा वाटेत अनगडशहा बाबांच्या दर्ग्याजवळ ती थांबते. तेथे पहिली आरती होते. अनगडशहा हे फकीर होते. त्यांच्याविषयी एक लोककथा सांगतात. त्यांचा कटोरा कोणी कितीही भिक्षा घातली तरी भरत नसे. ते तुकाराम महाराजांच्या दारी आले. महाराजांच्या लहान मुलीने कटोऱ्यात थोडेसे पीठ घातले आणि तो भरून वाहू लागला. ही कथा खरी घडली की नाही, हा प्रश्न वेगळा. पण इतक्या वर्षांनंतरही पालखी त्या दर्ग्याजवळ थांबते, हे मात्र कोणीही जाऊन पाहावे.

तिसरे कॅलेंडर कारखान्यांचे आहे. ते भिंतीवर टांगलेले नसते. म्हणून ते सहज विसरले जाते. कारखान्यात काम पाळ्यांमध्ये चालते. पहिल्या पाळीचा कामगार पहाटे घर सोडतो. रात्रपाळीचा कामगार सकाळी येऊन झोपतो. शिवाय पिंपरी-चिंचवड आणि भोसरी भागातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते. आता शाळेने पालकसभा रविवारी सकाळी ठेवली, तर काय होईल? दुकानदार येतील, शेतकरी येतील. पण कारखान्यातले अनेक आईवडील येऊ शकणार नाहीत. मग काही लोक म्हणतात, "या पालकांना मुलांच्या शिक्षणाची काळजीच नाही!" दोष मात्र पालकांचा नसतो, निवडलेल्या वाराचा असतो. हीच सभा एकदा गुरुवारी सायंकाळी घेतली, तर न आलेले पालकही दिसू लागतात.

शाळेच्या कामात पालकांचा सहभाग हा आता कायद्याचाही भाग आहे. मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. या कायद्याने सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत 'शाळा व्यवस्थापन समिती' असावी असे ठरवले. समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, मिळालेल्या पैशांचा उपयोग कसा होतो ते पाहणे आणि शाळेच्या विकासाची योजना तयार करणे, ही या समितीची कामे आहेत. मुख्याध्यापकांचा बारा रकान्यांचा कागद या समितीपुढे ठेवला, म्हणजे ईद, पालखी, पाळी आणि परीक्षा या सगळ्यांची आठवण करून देणारे कोणी ना कोणी तेथे असते.

दुपारचे जेवण हासुद्धा शाळेच्या सामुदायिक जीवनाचा भाग आहे. शाळेतील मुलांना आहार देण्याची देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. सुरुवातीला महाराष्ट्रात मुलांना दरमहा ३ किलो तांदूळ घरी नेण्यासाठी देत. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यानंतर शाळेतच जेवण मिळू लागले. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. पण या जेवणाचा आणखी एक लाभ मोजमापात येत नाही. सर्व मुले एका पंगतीत बसून एकाच पातेल्यातले अन्न जेवतात. काही ठिकाणी गावातील एखादे कुटुंब आपल्या आनंदाच्या दिवशी शाळेला गोड पदार्थ देते. त्या दिवशी त्या घरचा आनंद सगळ्या शाळेचा होतो.

वर्षातील सर्वांत मोठा कार्यक्रम म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलन. ते बहुधा हिवाळ्यात असते. त्याची तयारी कशी करतात? समजा, शाळेत आठ वर्ग आहेत. प्रत्येक वर्गाला १० मिनिटे दिली, तर ८० मिनिटे होतात. स्वागत, बक्षिसे आणि आभार यांना ४० मिनिटे धरली, तर कार्यक्रम दोन तासांत संपतो. लहान मुलांना आणि पहाटे कामावर जाणाऱ्या पालकांना तेवढा पुरे असतो.

प्रत्येक वर्गातून दहा-बारा मुलेच रंगमंचावर जातात. मग बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या का? नाही. कोणी पडदा ओढतो. कोणी पाहुण्यांना पाणी देतो. कोणी सतरंज्या घालतो आणि मोजून परत ठेवतो. कोणी आईवडिलांसाठी निमंत्रणपत्रिका लिहितो. कोणी खर्चाचा हिशेब वहीत मांडतो. शेवटी तो हिशेब सूचनाफलकावर लावतात. प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक काम लिहिलेले असावे, हा चांगल्या स्नेहसंमेलनाचा पहिला नियम आहे.

या नियमाचे महत्त्व एका उदाहरणाने समजेल. समजा, पावसाळ्यात एक मुलगी शाळेत आली. तिचे वडील तळवड्याच्या कारखान्यात नुकतेच कामाला लागले आहेत. तिच्याजवळ जन्माचा दाखला नाही. तरीही शाळा तिला प्रवेश नाकारू शकत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवू नये, असे २००९ च्या कायद्यातच सांगितले आहे. तिचे नाव पटावर लागते. पण नाव पटावर लागले म्हणजे ती शाळेची झाली का? घरी ती उर्दू बोलते. वर्गात मराठी चालते. मधल्या सुट्टीत ती भिंतीला टेकून उभी राहते. अशी मुले हळूहळू घरी राहू लागतात आणि एक दिवस शाळा सोडतात.

बाई तिला एक काम देतात. रोज सकाळी वर्गाची हजेरी मोजायची आणि तारीख घालून फळ्यावर लिहायची. 'हजेरी' आणि 'तारीख' हे शब्द ऐकून तिला बरे वाटते. ते तिच्या घरातलेच आहेत. कागद, शाई, नकाशा, हिशेब हेही शब्द तिला ओळखीचे वाटतात. 'दप्तर' या शब्दाने मात्र ती गोंधळते. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. मराठीत मुले दप्तर पाठीवर घेऊन शाळेत येतात! ती हसते. शेजारची मुलगी तिला का हसलीस म्हणून विचारते. ती सांगते आणि दोघी मिळून हसतात. त्या दिवसापासून ती भिंतीला टेकून उभी राहत नाही.

पुढे स्नेहसंमेलनाच्या सभेत मुख्याध्यापक बारा रकान्यांचा कागद मुलांना दाखवतात आणि विचारतात, "यात कोणाची काही अडचण आहे का?" मुलगी हात वर करते. "सर, सराव परीक्षेचा पहिला पेपर आहे, त्या दिवशी ईद येईल." सर कागद पाहतात, खिशातून पेन काढतात आणि तारीख बदलतात.

एवढेसे काम, त्याला एक मिनिटही लागत नाही. पण ती मुलगी तेथे नसती किंवा असूनही बोलली नसती, तर ते झाले नसते.

मुलांनो, तुमच्या शाळेतही असा एक कागद असेल. तो पाहायला मागा. त्यात कोणाचा दिवस राहून गेला आहे, ते शोधा आणि हात वर करा.

शब्दार्थ

नियोजन – आधी विचार करून केलेली आखणी
रकाना – कागदावरील उभा कप्पा, खाना
तिथी – चंद्रावरून ठरणारा दिवस
वद्य – पौर्णिमेनंतरचा पंधरवडा
प्रस्थान – प्रवासाला निघणे
मुक्काम – प्रवासातील थांबण्याची जागा
पाळी – कारखान्यातील कामाची ठरलेली वेळ
पंगत – जेवणासाठी बसलेल्यांची रांग
पट – विद्यार्थ्यांच्या नावांची नोंद
स्नेहसंमेलन – शाळेतील वार्षिक आनंदसोहळा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) देहू हे गाव कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) 'वाचन प्रेरणा दिन' कोणाच्या जन्मदिनी पाळतात?
(इ) पालखीची पहिली आरती कोठे होते?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) २०२४ साली पालखी आदल्या वर्षापेक्षा उशिरा का निघाली?
(आ) रविवारच्या पालकसभेला काही पालक का येऊ शकत नाहीत?
(इ) शाळा व्यवस्थापन समितीची कामे कोणती?

३. कारणे लिहा.
(अ) मागच्या वर्षीचे नियोजन तसेच उतरवून चालत नाही.
(आ) 'दप्तर' हा शब्द ऐकून नवी मुलगी गोंधळली.

४. पुढील शब्दांना जवळचे उर्दू शब्द सांगा. अर्थात काही फरक पडला आहे का, ते पाहा.
हजेरी, शाई, कागद, नकाशा, हिशेब, इमारत

५. उपक्रम : तुमच्या शाळेचे बारा महिन्यांचे वार्षिक नियोजन तयार करा. त्यात तुमच्या वस्तीतील सर्व लोकांचे सण आणि पालकांच्या कामाच्या वेळा यांचा विचार करा.